फाइलवर सल्लागाराचीही सही हवी

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि १२ माणसे गेली. आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, त्याच वसाहतीतल्या दुसऱ्या कारखान्यात रिॲक्टर, म्हणजे रासायनिक प्रक्रियेचे बंद भांडे, फुटला आणि पुन्हा दहाहून अधिक बळी गेले. मधल्या काळात जानेवारी २०२० मध्ये तारापूर, जून २०२१ मध्ये मुळशी तालुक्यातले उरवडे, नोव्हेंबर २०२३ मध्ये महाड. उरवड्याच्या आगीत १७ कामगार मेले, त्यांत बहुतेक बायका होत्या. दर वेळी पुढचा क्रम ठरलेला असतो: मालकावर गुन्हा, चौकशी समिती, अधिकाऱ्यांवर कारवाईची मागणी, धोकादायक कारखाने हलवण्याची चर्चा. या सगळ्या गदारोळात एका माणसाचे नाव कधी निघत नाही. कारखान्याचे परवाने काढून देणारा, आपत्कालीन आराखडा लिहिणारा, दरवर्षीची विवरणपत्रे भरणारा सल्लागार.

या दुर्घटनांमध्ये सल्लागारांचा दोष होता, असे मी म्हणत नाही. दोष होता की नव्हता हे ठरवण्याची सोयच आपल्या व्यवस्थेत नाही, हे माझे म्हणणे आहे. कारखान्याच्या सुरक्षिततेचा आणि बाजारातल्या अन्नाच्या शुद्धतेचा लेखी पुरावा राज्यभर जी माणसे तयार करतात, ती त्या पुराव्यावर स्वतः कुठेच दिसत नाहीत. सही मालकाची, शिक्का कंपनीचा, मंजुरी अधिकाऱ्याची. मजकूर मात्र चौथ्याच माणसाने लिहिलेला.

हा धंदा किती पसरला आहे हे बघायला कुठल्याही एमआयडीसीच्या नाक्यावर उभे राहावे. विजेच्या खांबांवर, चहाच्या टपरीच्या पत्र्यावर फलक दिसतात: फूड लायसन, कन्सेंट, फॅक्टरी लायसन, फायर एनओसी, वजनमापे, सगळी कामे एका छताखाली. यातले काही जण खरोखर तज्ज्ञ आहेत. रसायन अभियांत्रिकी शिकलेले, वीस-वीस वर्षे प्लांटमध्ये घाम गाळलेले, अन्न व औषध प्रशासनातून किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळातून निवृत्त झालेले. काही जण कालपर्यंत पॅन कार्ड काढून देत होते आणि आज फूड लायसन काढून देतात. दोघांच्या फलकावर शब्द एकच असतो, सल्लागार. कारण हा शब्द लावायला ना पदवी लागते, ना नोंदणी, ना परीक्षा.

तरीही या लोकांची गरज खोटी आहे असे कोणी म्हणू नये. लोटे किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत तीस-चाळीस कामगारांचे रसायनाचे युनिट चालवणाऱ्या माणसाच्या डोक्यावर काय काय असते ते पाहा. जल अधिनियम १९७४ चा, वायू अधिनियम १९८१ चा. त्या दोन्हींखाली प्रदूषण मंडळाची आधी उभारणीची आणि मग चालवण्याची संमती, म्हणजे फलकावरचे ‘कन्सेंट’. घातक रसायनांचे १९८९ चे नियम, घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम. कचऱ्याचे वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत, पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत. खाद्यपदार्थाचे युनिट असेल तर २००६ चा अन्न सुरक्षा कायदा, २०११ चे परवाना विनियम, २०१८ चे जाहिरात आणि दाव्यांचे विनियम, २०२० चे लेबलिंगचे विनियम, आणि उत्पादकाचे वार्षिक विवरण ३१ मेपर्यंत. दुरुस्त्या आणि परिपत्रके वर्षभर येत राहतात. ती येतात इंग्रजीत, फार तर हिंदीत. मसाल्याचा उत्तम धंदा करणाऱ्या, पण दहावीपर्यंत शिकलेल्या माणसाने राजपत्र वाचत बसावे ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याला कोणीतरी समजावून सांगणारा लागणारच.

आणि चांगला सल्लागार म्हणजे काय, हे ज्याने पाहिले आहे त्याला त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. असा माणूस ऑफिसात बसून कागद मागत नाही, आधी आत जातो. गाळ्याच्या मागची मोरी बघतो, कच्चा माल भिंतीला टेकवून ठेवला आहे का ते बघतो, ट्यूबलाइटला आवरण आहे का बघतो, कारण काच फुटली तर ती पिठात पडणार. लेबलचा रोल मागवतो आणि मालकाला सांगतो की ‘नैसर्गिक’ किंवा ‘पारंपरिक’ हे शब्द मनाला येईल तसे छापता येत नाहीत, त्यांना अटी आहेत, आणि पन्नास हजार लेबले छापून झाल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. शेंगदाण्याची चिक्की आणि राजगिऱ्याचे लाडू एकाच टेबलावर होत असतील, तर शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाचे काय, हा प्रश्न तो विचारतो. तो गेल्यावर कारखाना थोडा बदललेला असतो. माझ्या लेखी नियमांचे अनुपालन या शब्दाचा अर्थ एवढाच आहे.

पण बाजारात बहुतांशी विकली जाते ती फाइल. सांगली जिल्ह्यातल्या एका महिला गटाची फाइल मी वाचली आहे. बायका लोणची, चटण्या, मेतकूट आणि उन्हाळ्यात कुरडया करायच्या. स्वच्छता पाहून कोणीही मान डोलवावी असे त्यांचे काम. परवान्यासाठी लागणारा अन्न सुरक्षा व्यवस्थापन आराखडा सल्लागाराने करून दिला होता, छान बाइंडिंग करून, रंगीत पानांसह. त्यात धोक्याचा निर्णायक टप्पा म्हणून लिहिले होते: दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापवणे. दूध त्या गटाच्या कुठल्याच पदार्थात नव्हते. दुग्धशाळेचा आराखडा उचलून नाव बदललेले, आणि तेही सगळ्या पानांवर बदललेले नव्हते. माल परत मागवण्याच्या योजनेत दुसऱ्याच कुणाचा पत्ता होता. लोणच्याचा खरा धोका आम्लतेत असतो, मिठाच्या प्रमाणात असतो, बरणी कोरडी होती का यात असतो. चटणीचा आणि मसाल्याचा खरा धोका मिरचीतल्या बुरशीत असतो, त्या बुरशीतून तयार होणाऱ्या अफ्लाटॉक्सिनमध्ये असतो. मिरची ओलसर राहिली, पोत्यात कोंदटली, की तो वाढतो आणि भाजल्याने पुरता जात नाही. यातले एक अक्षर त्या आराखड्यात नव्हते. बायकांना मी विचारले, यात काय लिहिले आहे? त्यांनी सांगितले, ते साहेबांकडे असते, आम्ही फक्त सह्या केल्या.

त्या सह्याच गंभीर आहेत. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ६१ नुसार खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती जाणूनबुजून देणे हा गुन्हा आहे, आणि कागदावर ती माहिती देणारी व्यक्ती म्हणजे सही करणारी. उद्या कुणाला बाधा झाली, नमुना नापास झाला, आणि निरीक्षकाने तो आराखडा उघडला, तर उत्तर त्या बायकांना द्यायचे. सल्लागाराचे नाव फाइलच्या एका पानावरही नाही. फीची पावतीही नाही, कारण पैसे रोख दिलेले. सरकारी फी पोर्टलवर दिसते आणि ती फार नसते. २०११ च्या विनियमांनी छोट्या व्यावसायिकाच्या नोंदणीला वर्षाला १०० रुपये ठरवले होते. त्या शंभराच्या कामाला सल्लागाराने किती घ्यावेत याला मात्र काही धरबंध नाही, आणि घेणारे दोन-पाच हजार सहज घेतात. ज्या बाईचा महिन्याचा नफाच चार हजार आहे तिच्यासाठी ही रक्कम लहान नाही.

असाच एक प्रकार तांत्रिक माणसाचा. खाद्यपदार्थ बनवणाऱ्या परवानाधारक युनिटमध्ये उत्पादनावर देखरेख ठेवायला विज्ञानाची किंवा अन्नतंत्रज्ञानाची पदवी अथवा पदविका असलेली एक तरी व्यक्ती हवी, अशी परवान्याची अट आहे. अट योग्यच आहे. पण अनेक ठिकाणी ती पुरी होते पदवीच्या झेरॉक्सवर. कुणा तरुण मुलीची बी.एस्सी.ची प्रत पाच फाइलींना लागते, आणि त्या पाचपैकी एकाही युनिटचा दरवाजा तिने पाहिलेला नसतो. तिला महिन्याचे पाचशे-हजार मिळतात. काही झाले तर आपण त्या युनिटच्या देखरेखीला जबाबदार होतो, हे तिला पोलिस सांगतील तेव्हा कळेल.

अन्नाच्या क्षेत्रात या फसवणुकीची किंमत बहुधा हळूहळू मोजली जाते. रसायनात ती काही मिनिटांत वसूल होते. सेंद्रिय पेरॉक्साइडचे उदाहरण घ्या. प्लास्टिक, रेझिन, फायबरच्या धंद्यात ते सर्रास लागते. ठरावीक तापमानाच्या वर गेले की ते आपले आप विघटित होऊ लागते. विघटनातून उष्णता निघते, त्या उष्णतेने विघटनाचा वेग आणखी वाढतो, आणि थंडाव्याची सोय तेवढ्यात बंद पडली तर प्रक्रिया माणसाच्या हातात राहत नाही. अशा प्लांटची सुरक्षा तपासायची म्हणजे काही अगदी साधे प्रश्न विचारायचे असतात. थंड पाण्याचा एक पंप बंद पडला तर दुसरा आपोआप सुरू होतो का? रात्री दोन वाजता वीज गेली तर जनरेटर किती सेकंदांत भार घेतो, आणि थंडाव्याचा पंप त्या जनरेटरवर आहे की नाही? तापमान वाढल्याचा अलार्म शेवटचा कधी वाजवून पाहिला? दाब वाढल्यावर फुटायची रप्चर डिस्क फुटली, तर वाफ कुठे जाते, शेडमध्येच? पाळीवरचा कंत्राटी कामगार महिन्याभरापूर्वी आला आहे, त्याला हे कुणी सांगितले आहे का?

कागदी ऑडिटमध्ये यातले काही नसते. अग्निशामक सिलिंडरवरच्या तारखेचा फोटो असतो, ‘असेंब्ली पॉइंट’ असा हिरवा फलक असतो, हेल्मेट घालून रांगेत उभ्या कामगारांचा मॉक ड्रिलचा फोटो असतो. हे सगळे असावेच. पण स्फोट सिलिंडरमुळे होत नाही, तो रिॲक्टरमध्ये होतो, आणि रिॲक्टरजवळ जायला रसायन समजावे लागते, वेळ द्यावा लागतो, आणि मालकाला नको असलेले सांगावे लागते.

इथे खरी गोम आहे. १९८४ च्या भोपाळनंतर देशाने धडा घेतला नाही असे नाही. १९८६ चा पर्यावरण कायदा आला, १९८७ मध्ये कारखाना कायद्यात घातक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण आले, १९८९ चे घातक रसायनांचे नियम आले. त्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे की मोठ्या प्रमाणावर घातक रसायने हाताळणाऱ्या कारखान्याने त्या कामाशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाच्या मदतीने स्वतंत्र सुरक्षा तपासणी करून घ्यावी. संबंध नसलेला, स्वतंत्र. पण त्या तज्ज्ञाला निवडतो कोण? कारखानदार. पैसे कोण देतो? कारखानदार. पुढच्या वर्षी पुन्हा बोलवायचे की नाही, हे कोण ठरवतो? तोच. अहवाल कडक आला तर पुढच्या वर्षी दुसरा तज्ज्ञ येतो. हे कुणी उघड सांगत नाही आणि या धंद्यातल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे.

हे नुसते माझे मत असते तर मी ते इतक्या जोराने मांडले नसते. शेजारच्या गुजरातेत याची मोजदाद झाली आहे. तिथे उच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशापासून प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांना दरवर्षी बाहेरच्या ऑडिटरकडून पर्यावरणीय तपासणी करून घ्यावी लागत होती, आणि ऑडिटरला निवडणारा आणि पैसे देणारा कारखानाच होता. पुढे नोबेल मिळालेल्या अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोबतीने अहमदाबाद आणि सुरतच्या ४७३ कारखान्यांत एक प्रयोग केला. जुन्या पद्धतीच्या ऑडिटरांनी धुराड्यातल्या धूलिकणांबद्दल दिलेल्या अहवालांनुसार मर्यादा ओलांडणारे कारखाने होते ७ टक्के. त्याच ठिकाणी स्वतंत्रपणे पुन्हा मोजल्यावर ते निघाले ५९ टक्के. खोट्या आकड्यांचा एक पुंजकाच मर्यादेच्या जरा खाली साचलेला होता, कारण मर्यादा १५० असेल तर १४० लिहिणे सोयीचे.

मग प्रयोगातल्या निम्म्या कारखान्यांसाठी तीन गोष्टी बदलल्या. कुठल्या कारखान्यात कोण जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले. पैसे एका सामायिक निधीतून, ठरलेल्या दराने दिले. आणि काही मोजण्या मागाहून दुसऱ्याकडून करून ऑडिटरचे आकडे ताडून पाहिले. माणसे तीच, यंत्रे तीच, शिक्षण तेच. खोटे ‘पास’ लिहिण्याचे प्रमाण ८० टक्क्यांनी खाली आले आणि कारखान्यांनी प्रदूषणही प्रत्यक्षात कमी केले. २०१५ मध्ये गुजरातने ऑडिटर असे वाटून देण्याची पद्धत नियमात आणली. केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या पर्यावरण ऑडिटच्या नियमांतही नोंदणीकृत ऑडिटर यादृच्छिक पद्धतीने नेमायची तरतूद आहे. तेव्हा ही कल्पना आता कुणाला हवेतली वाटायचे कारण नाही. महाराष्ट्राने ती पर्यावरणापुरती न ठेवता घातक कारखान्यांच्या सुरक्षा तपासणीला आणि अन्नप्रक्रियेतल्या बाहेरच्या ऑडिटलाही लावावी, एवढेच मागणे आहे. अन्न सुरक्षेच्या २०१८ च्या ऑडिट विनियमांनी मान्यताप्राप्त संस्थांची व्यवस्था उभी केली, हितसंबंध नसावेत असेही लिहिले. पण बिल जोवर तपासला जाणाराच भरतो तोवर हितसंबंध आहेच.

तपासणाऱ्याचा प्रश्न असा सुटू शकतो. सल्ला देणाऱ्याचा वेगळा आहे. त्याला कारखानदारच नेमणार, पैसेही तोच देणार, त्यात गैर काही नाही. वकिलाचे, सीएचे तसेच असते. मग सीएमध्ये आणि या सल्लागारात फरक काय? सीएच्या मागे १९४९ चा कायदा आहे, संस्था आहे, शिस्तपालन समिती आहे, सदस्यत्वाचा क्रमांक आहे. २०१९ पासून तर त्याने प्रमाणित केलेल्या कागदावर यूडीआयएन नावाचा स्वतंत्र क्रमांक लागतो. बँकेतला कारकूनही तो टाकून कागद खरा की खोटा हे तपासू शकतो, कारण सीएच्या नावाने बनावट सह्या होऊ लागल्या होत्या. दुकानाच्या ताळेबंदाला हे सगळे आणि रिॲक्टरच्या आपत्कालीन आराखड्याला काही नाही, हे कुठल्या तर्कात बसते?

रसायनांच्या बाबतीत तर जगात याहून पुढची सोय आहे आणि आपलेच कारखानदार ती रोज वापरतात. युरोपचा ‘रीच’ हा रसायनांचा कायदा २००७ पासून लागू आहे. वर्षाला एक टन किंवा त्याहून जास्त रसायन युरोपात जाणार असेल तर त्याची नोंदणी लागते. तारापूरच्या किंवा महाडच्या उत्पादकाला स्वतः ती करता येत नाही, त्याला युरोपात ‘ओन्ली रिप्रेझेंटेटिव्ह’ नेमावा लागतो, नाहीतर तिथल्या प्रत्येक आयातदारावर विसंबावे लागते. हा प्रतिनिधी व्यवहारात सल्लागारच असतो. पण कायदा त्याला म्हणतो: तुला या पदार्थांच्या हाताळणीचे पुरेसे ज्ञान हवे, किती माल कुणाला गेला याची नोंद तू ठेवायची, सुरक्षा माहितीपत्रक तू अद्ययावत ठेवायचे, आणि आयातदारावर जी कायदेशीर जबाबदारी असते ती सगळी तुझ्यावर. या अटीमुळे युरोपातले सल्लागार पळून गेले नाहीत. ते जास्त फी घेतात आणि जास्त प्रश्न विचारतात. आपला कारखानदार त्यांना मुकाट्याने उत्तरे देतो, चाचण्या करून घेतो, कारण पलीकडचा माणूस स्वतःच्या नावावर धोका घेणार आहे. त्याच प्लांटच्या इथल्या फाइलसाठी मात्र त्याला असा माणूस मिळत नाही, आणि त्याने शोधावा अशी सक्तीही नाही.

नाव लिहायला लावल्याने काय होते याचे घरचे उदाहरणही आहे. दोन हजारच्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या पर्यावरण आघात अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर उतरवलेला सापडला. कोकणातल्या खाणीच्या अहवालात थंड प्रदेशातली झाडे निघाली. पुढे केंद्राने या अहवालांसाठी क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडिया या संस्थेची मान्यता असलेलाच सल्लागार चालेल असे बंधन घातले, कुठल्या विषयाचा तज्ज्ञ कोण हेही अहवालात लिहावे लागते. आघात अहवाल आता निर्दोष असतात असा माझा दावा नाही. पण अहवाल कुणी लिहिला हे आज कुणालाही पाहता येते, त्याच्याविरुद्ध तक्रार करता येते, मान्यता काढून घेता येते. हीच पहिली पायरी फूड लायसनच्या आणि कन्सेंटच्या फाइलींना नाही.

यावर लहान उद्योजकांचा आक्षेप येणार आणि तो खरा आहे. नोंदणीकृत सल्लागाराची सक्ती झाली तर फी वाढेल, आणि परवाना काढून देणाऱ्याचाच परवाना काढायला आणखी एक खिडकी उघडेल. म्हणून सक्ती सरसकट नको. पापड-मसाल्याच्या युनिटला, वडापावच्या गाडीला, घरगुती डबेवालीला सल्लागार लागताच कामा नये, ती व्यवस्था इतकी सोपी आणि मराठी असली पाहिजे. सरकारला हे कळत नाही असेही नाही. २०१९ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ‘फूड सेफ्टी मित्र’ योजना काढली ती याचसाठी. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती असतात, कर्जापासून परवान्यापर्यंत मदत करतात, आणि त्यांचे मानधन सरकार देते, उद्योजक नाही. ही दिशा बरोबर आहे. गावोगावच्या गटांना तिची माहिती नाही, हे मात्र मी पाहिले आहे. सांगलीच्या त्या बायकांना अशी कुणी व्यक्ती असते हे माहीतच नव्हते, आणि ज्याला माहीत होते तो सल्लागार त्यांना कशाला सांगेल?

सार्वजनिक संस्थेने सल्लागाराचे काम नीट केले तर काय घडते, याचे सगळ्यात चांगले उदाहरण नाशिकच्या द्राक्षांत आहे. २०१० मध्ये युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि कंटेनर अडकले. बागायतदार देशोधडीला लागायची वेळ आली. ते रसायन तोवर आपल्याकडच्या तपासणीच्या यादीतच नव्हते, म्हणजे शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नव्हते. त्यानंतर यादी सुधारली. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची यादी दर हंगामाला निघते: कुठले औषध चालेल, किती मात्रेत, फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचे (म्हणजे पीएचआय), अंशाची मर्यादा किती. शेतमालाच्या निर्यातीचे काम पाहणाऱ्या अपेडा या केंद्रीय संस्थेच्या ग्रेपनेट या पोर्टलवर बाग नोंदलेली असते, नमुना कुठल्या बागेतून घेतला ते कळते. निफाड-दिंडोरीचा शेतकरी आज फवारणीच्या आधी ‘पीएचआय किती?’ असे सहज विचारतो. कुणी त्याला फाइल विकली नाही. माहिती फुकट, वेळेवर आणि त्याच्या कामाच्या भाषेत मिळाली. मिरची-हळदीच्या मसाल्यांसाठी, काजूसाठी, कोकणातल्या आंब्याच्या पल्पसाठी अन्न व औषध प्रशासनाने अशी दोन-दोन पानांची मराठी पत्रके काढली, तर उतरवलेल्या दुग्धशाळेच्या आराखड्यांचा अर्धा बाजार आपोआप बसेल.

सक्ती हवी ती वरच्या टोकाला. घातक रसायनांचे युनिट, प्रदूषण मंडळाच्या लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणाच्या, वर्गातले कारखाने, मोठे अन्नप्रक्रिया उद्योग. तिथे अर्ज, आराखडा, ऑडिटला दिलेले उत्तर, जे काही सल्लागाराने लिहिले त्यावर त्याचे नाव, शिक्षण, नोंदणी क्रमांक आणि ‘मी अमुक तारखेला जागेवर जाऊन पाहिले’ हे विधान असावे. खोटे निघाले तर मालकाबरोबर त्याच्यावरही कारवाई व्हावी. मालकाची जबाबदारी याने कणभरही कमी होऊ नये, नाहीतर तो सल्लागाराकडे बोट दाखवून सुटेल, आणि ते आणखी वाईट. अर्जाचे नमुने आणि पोर्टल प्रदूषण मंडळाचे स्वतःचे आहेत, कारखान्यांचे नियम राज्य करते. यातले बरेचसे राज्याच्या हातात आहे, दिल्लीची वाट पाहायची गरज नाही.

याला विरोध सल्लागारांकडून होईल असे अनेकांना वाटते. मला उलटे वाटते. प्रामाणिक सल्लागार आज सगळ्यात जास्त कोंडीत आहे. तो पाच दिवस प्लांटमध्ये घालवतो, तीस त्रुटी लिहितो, त्यांचा खर्च सांगतो, आणि मालक म्हणतो, पलीकडचा यातल्या एकाही भानगडीत न पडता निम्म्या पैशात करून देतो. काम जाते. प्लांट तसाच राहतो, आणि थंडाव्याच्या पंपाला जोड नाही ही गोष्ट त्या दोघांशिवाय कुणाला कळत नाही. कंपनीचा ऑडिटर मुदतीआधी राजीनामा देतो तेव्हा कंपनी कायदा २०१३ प्रमाणे त्याला तीस दिवसांत निबंधकाकडे कारणांसह निवेदन भरावे लागते. घातक कारखान्याचा सल्लागार काम सोडतो तेव्हा त्यानेही औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला एक पान पाठवावे: मी हे काम का सोडले, आणि मला तिथे काय दिसले. व्यापारी गुपिताचा प्रश्न निघेल. मग प्रक्रियेचे तपशील न देता फक्त धोका लिहावा, आणि ते पान मिळाल्यापासून पंधरा दिवसांत निरीक्षकाने त्या शेडमध्ये जावे.